आघातोत्तर तणावावरील उपचारांनंतर जीवनाची गुणवत्ता कशी मोजावी: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

आघातोत्तर तणाव विकारावरील (पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक विकार) उपचार यशस्वी झाले की नाही, हे बहुतेक ठिकाणी लक्षणांच्या आकड्यांवरून ठरवले जाते. डीएसएम-५ या २०१३ साली आलेल्या निदानपुस्तिकेत या विकाराची २० लक्षणे चार गटांत दिलेली आहेत. पीसीएल-५ ही प्रश्नावली त्याच २० लक्षणांना प्रत्येकी ० ते ४ गुण देऊन ० ते ८० यांमधला एक आकडा काढते. हा आकडा उपयोगाचा आहे आणि तो घ्यायलाच हवा. मात्र उपचारांसाठी येणाऱ्या माणसाच्या मनात वेगळ्याच गोष्टी असतात: घरच्यांवर विनाकारण भडकणे थांबावे, गर्दीतून जाता यावे, सुटलेले काम पुन्हा हाती यावे, कुणाच्या तरी शेजारी निर्धास्त बसता यावे. यांतल्या किती गोष्टी साध्य झाल्या, ते लक्षणांच्या बेरजेतून थेट कळत नाही.

समजा, एका व्यक्तीचे पीसीएल-५ वरील गुण उपचारांनंतर ५४ वरून २३ वर आले. संभाव्य निदानासाठी साधारणपणे ३१ ते ३३ ही सीमा धरली जाते, म्हणजे ही व्यक्ती तिच्या बरीच खाली आली. तरीही आजारपणाच्या काळात गेलेली नोकरी परत मिळालेली नसेल, दुरावलेले मित्र जवळ आलेले नसतील, आणि दिवस कसा घालवावा हा प्रश्न तसाच असेल, तर ही व्यक्ती स्वतःला बरी झालेली म्हणणार नाही. याच्या उलटही घडते. दुःस्वप्ने अधूनमधून पडतात, पण माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला आहे, मुलांबरोबर रमतो आहे आणि आयुष्य बरे चालले आहे असे मनापासून सांगतो आहे. पहिल्या व्यक्तीची नोंद ‘यशस्वी’ आणि दुसरीची ‘अपुरी सुधारणा’ अशी होत असेल, तर आपल्या मोजणीत काहीतरी राहून गेले आहे.

दवाखान्यात, समुपदेशन केंद्रात किंवा छोट्या संशोधन प्रकल्पात हे मोजमाप पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सांख्यिकीचे जुजबी ज्ञान असले तरी पुरे.

पहिली पायरी: नेमके काय मोजायचे ते लिहून काढा

प्रश्नावली निवडण्यापूर्वी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून ठेवाव्यात. पहिली म्हणजे लक्षणे: आठवणींचे अचानक होणारे आक्रमण, टाळाटाळ, सततची सावधगिरी वगैरे. दुसरी म्हणजे कार्यक्षमता, म्हणजे माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो. घरकाम, नोकरी, शिक्षण, नाती सांभाळणे. तिसरी म्हणजे जीवनाची गुणवत्ता, म्हणजे या सगळ्याबद्दल त्या माणसाला स्वतःला काय वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा आशय असा आहे की माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत जगतो तिच्या संदर्भात, आणि आपली ध्येये, अपेक्षा, निकष व काळज्या लक्षात घेता, आयुष्यातील आपल्या स्थानाबद्दल त्याची स्वतःची जी धारणा असते ती म्हणजे जीवनाची गुणवत्ता. या व्याख्येत निवाड्याचा अधिकार उपचारकाकडे नाही, नातेवाइकांकडेही नाही. तो पूर्णपणे त्या व्यक्तीकडे आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टींची गल्लत फार सहज होते. आठवड्यातून किती दिवस कामावर गेलात, हा कार्यक्षमतेचा प्रश्न झाला. आपल्या काम करण्याच्या क्षमतेबद्दल तुम्ही कितपत समाधानी आहात, हा जीवनाच्या गुणवत्तेचा. एखादी व्यक्ती नियमित कामावर जात असेल, पण दिवसभर दाराकडे पाठ न करता बसण्याच्या धडपडीतच तिची सगळी शक्ती खर्ची पडत असेल, तर दोन प्रश्नांची उत्तरे विरुद्ध दिशेला जातील आणि दोन्ही खरी असतील. तुमच्या प्रकल्पाला यांपैकी कशात रस आहे, हे एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर प्रश्नावली निवडण्याची वेळ अजून आलेली नाही. मुख्य रस कार्यक्षमतेत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची व्होडास २.० ही प्रश्नावली अधिक योग्य ठरेल. ती ३६ आणि १२ प्रश्नांच्या रूपांत मिळते, सहा क्षेत्रांतील अडचणी विचारते आणि मागच्या ३० दिवसांबद्दल बोलते.

दुसरी पायरी: प्रश्नावली निवडा

या क्षेत्रात मोजक्याच प्रश्नावल्या वारंवार वापरल्या जातात आणि नवख्याने त्यांतूनच निवड करावी. स्वतःची प्रश्नावली घरच्या घरी तयार करण्याचा मोह आवरावा, कारण तिची विश्वसनीयता (ती पुन्हा पुन्हा सारखेच मोजते का) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजते का) सिद्ध करणे हेच काही वर्षांचे स्वतंत्र काम असते.

डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ ही जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. मूळ १०० प्रश्नांच्या प्रश्नावलीची ही संक्षिप्त आवृत्ती. दोन सर्वसाधारण प्रश्न सोडले तर उरलेले २४ प्रश्न चार क्षेत्रांत विभागलेले आहेत: शारीरिक ७, मानसिक ६, सामाजिक नाती ३ आणि परिसर ८. मागच्या दोन आठवड्यांचा विचार करून प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ यांपैकी एक उत्तर द्यायचे असते.

एसएफ-३६ ही आरोग्याशी निगडित जीवनगुणवत्ता मोजते. तिची आठ उपक्षेत्रे आहेत, आणि त्यांवरून शारीरिक व मानसिक असे दोन सारांश-गुण काढले जातात. संदर्भ लोकसंख्येत त्यांची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० येईल अशी रचना असते. इतर आजारांवरील अभ्यासांशी तुलना करायची असेल तर ती सोयीची पडते. एक इशारा मात्र द्यायला हवा. प्रचलित गुणांकनात मानसिक सारांश काढताना शारीरिक उपक्षेत्रांना ऋण भार दिलेला असतो, त्यामुळे शारीरिक दुखणे वाढलेल्या माणसाचा मानसिक सारांश काही वेळा जरा जास्तच चांगला दिसतो. आघातात शारीरिक इजाही झालेल्या लोकांबाबत म्हणूनच नुसते सारांश न देता आठही उपक्षेत्रांचे गुण द्यावेत.

क्यू-एलईएस-क्यू या प्रश्नावलीचे १६ प्रश्नांचे लघुरूप मानसोपचारांच्या चाचण्यांत, विशेषतः औषधांच्या, बरेच दिसते. ते मागच्या आठवड्यातील समाधानाबद्दल विचारते आणि पहिल्या १४ प्रश्नांच्या बेरजेवरून गुण काढले जातात. ईक्यू-५डी ही सर्वांत छोटी: हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता-नैराश्य अशी पाच परिमाणे, शिवाय ० ते १०० अशी एक उभी मोजपट्टी, आणि सगळे काही ‘आज’बद्दल. उपचारांचा खर्च आणि लाभ यांचा हिशेब मांडणाऱ्यांना ती लागते. एकट्या तिच्यावर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण या विकाराने माणसाचे जे हिरावलेले असते त्यातले बहुतेक सगळे त्या एका चिंता-नैराश्याच्या प्रश्नात कोंबले जाते.

पहिल्यांदाच काम करणाऱ्यांना मी डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ सुचवेन. ती दहा-पंधरा मिनिटांत भरून होते, अनेक भाषांत उपलब्ध आहे, आणि नाती व परिसर यांना आरोग्याइतकेच गांभीर्याने घेते. कोणतीही प्रश्नावली वापरण्यापूर्वी तिच्या वापराच्या अटी वाचाव्यात आणि लागेल तिथे परवानगी किंवा नोंदणी आधीच करून घ्यावी.

तिसरी पायरी: प्रत्येक प्रश्न या विकाराच्या नजरेने वाचा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावल्या सर्वसाधारण लोकसंख्येसाठी रचलेल्या असतात. त्यांतले काही प्रश्न आघातोत्तर तणावाच्या लक्षणांवरच नेमके बोट ठेवतात, आणि मग लक्षणे कमी झाली की जीवनाची गुणवत्ताही आपोआप वाढलेली दिसते. एकच गोष्ट दोनदा मोजून तिला दोन निष्कर्ष म्हणण्यासारखे ते होते.

डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ समोर ठेवून पाहू. शारीरिक क्षेत्रात झोपेबद्दलच्या समाधानाचा प्रश्न आहे. झोपेचा त्रास हे या विकाराचे लक्षणच आहे. मानसिक क्षेत्रात एकाग्रतेचा प्रश्न आहे, तेही लक्षण. त्याच क्षेत्रात उदासी, निराशा, चिंता अशा नकारात्मक भावना किती वेळा येतात, हेही विचारलेले आहे. परिसर या क्षेत्रात दैनंदिन जीवनात तुम्हाला कितपत सुरक्षित वाटते, असा प्रश्न येतो. प्रश्नावली रचणाऱ्यांच्या मनात वस्ती, गुन्हेगारी, भौतिक धोके असावेत; पण ज्याला स्वतःच्या बंद खोलीतही सुरक्षित वाटत नाही तो माणूस या प्रश्नाला आपल्या आजारातून उत्तर देतो. उपचारांनंतर त्याचे परिसराचे गुण वाढले तर परिसर सुधारला असे म्हणता येणार नाही; तो होता तसाच आहे, त्याची भीती ओसरली आहे. उलट, एखादी व्यक्ती खरोखरच धोक्याच्या घरात परत जात असेल तर तिचे कमी गुण हे लक्षण समजून सोडून देणे हा तिच्यावर अन्याय ठरेल. म्हणून या एका प्रश्नाचे उत्तर क्षेत्राच्या बेरजेत मिसळण्यापूर्वी स्वतंत्रपणे वाचावे, आणि ते कमी असेल तर त्यामागचे कारण विचारावे.

आणखी एक प्रश्न गोंधळात टाकतो. रोजच्या जगण्यासाठी तुम्हाला वैद्यकीय उपचारांची कितपत गरज भासते, असे शारीरिक क्षेत्रात विचारलेले आहे आणि जास्त गरज म्हणजे कमी गुण अशी त्याची दिशा आहे. जो माणूस अनेक वर्षे मदत टाळत होता आणि आता दर आठवड्याला नेमाने सत्राला येतो, तो प्रामाणिकपणे ‘खूप गरज भासते’ असे उत्तर देईल. त्याने मदत स्वीकारली, हा त्याच्या प्रगतीचा भाग आहे, आणि गुणांकनात मात्र त्याची घसरण नोंदली जाते. उपचारांच्या मध्यावर शारीरिक क्षेत्राचे गुण खाली गेलेले दिसले, तर आधी हा प्रश्न तपासावा.

यावर उपाय म्हणून प्रश्न गाळू नयेत. गाळले तर प्रमाणित गुणांकन मोडते आणि इतर अभ्यासांशी तुलना अशक्य होते. प्रमाणित गुण नेहमीप्रमाणेच काढावेत. त्यासोबत लक्षणांशी एकरूप असलेले प्रश्न वगळून दुसरे विश्लेषण करावे आणि दोन्हींचे निष्कर्ष शेजारी शेजारी मांडावेत. दुसऱ्या विश्लेषणातही सुधारणा टिकून राहिली, तर ती केवळ लक्षणांची सावली नाही असे बऱ्याच आत्मविश्वासाने म्हणता येते. वगळायचे प्रश्न कोणते, हे माहिती गोळा करण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे.

नैराश्याची वेगळी नोंदही हवीच. आघातोत्तर तणाव असलेल्या सुमारे निम्म्या लोकांमध्ये नैराश्यही आढळते, आणि निराश मनाला सगळीच क्षेत्रे काळवंडलेली दिसतात. नैराश्याची छोटी प्रमाणित प्रश्नावली सोबत नसेल, तर बदलाचे श्रेय कशाला द्यायचे ते नंतर ठरवता येत नाही.

चौथी पायरी: भाषा तपासा

प्रश्नावलीचे अधिकृत भाषांतर उपलब्ध असेल तर तेच वापरावे. नसेल तर दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, मूळ भाषेत उलट भाषांतर, तज्ज्ञांचे परीक्षण आणि शेवटी काही प्रत्यक्ष उत्तरदात्यांशी बोलून घेतलेली पडताळणी हा क्रम पाळावा लागतो. या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक प्रश्न वाचून झाल्यावर ‘हा प्रश्न तुम्ही तुमच्या शब्दांत कसा सांगाल’ असे विचारावे. उत्तर देणाऱ्याने ‘आयुष्य अर्थपूर्ण वाटते का’ या प्रश्नातून पैसाअडका असा अर्थ घेतला, तर ते कागदावर निर्दोष दिसणारे भाषांतर कामाचे नाही.

पाचवी पायरी: केव्हा मोजायचे ते ठरवा

पहिले मोजमाप उपचार सुरू होण्यापूर्वी झाले पाहिजे. ते राहून गेले तर पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ उरत नाही. निदानाच्या सविस्तर मुलाखतीनंतर लगेच जीवनगुणवत्तेची प्रश्नावली हातात देऊ नये. कॅप्स-५ सारख्या मुलाखतीत माणूस पाऊण ते एक तास स्वतःच्या सर्वांत वाईट अनुभवाभोवतीच बोलत असतो, आणि त्यानंतर दहा मिनिटांनी ‘तुम्ही आयुष्याचा किती आनंद घेता’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर त्या तासाचे असते. जीवनगुणवत्ता आधी, लक्षणे नंतर, हा क्रम ठेवावा आणि सगळ्या फेऱ्यांत तोच पाळावा.

प्रश्नावलीचा संदर्भकाळही लक्षात घ्यावा. डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ दोन आठवड्यांबद्दल विचारते, एसएफ-३६ ची नेहमीची आवृत्ती चार आठवड्यांबद्दल, ईक्यू-५डी आजच्या दिवसाबद्दल. दोन आठवड्यांचा विचार करायला लावणारी प्रश्नावली दर आठवड्याला भरून घेतल्याने नवी माहिती मिळत नाही, माणूस मात्र कंटाळतो आणि मागचीच उत्तरे गिरवतो. लक्षणांची नोंद दर आठवड्याला चालेल. जीवनगुणवत्तेसाठी सुरुवात, मध्य आणि शेवट पुरे.

त्यानंतरचा पाठपुरावा मात्र भरपूर लांब ठेवावा. दीर्घ अनावरण उपचार (टाळलेल्या आठवणींना आणि प्रसंगांना सुरक्षितपणे सामोरे जाणे) बहुधा ८ ते १५ सत्रांत आणि बोधात्मक प्रक्रिया उपचार (आघाताबद्दलचे अडकलेले विचार तपासून बदलणे) साधारण १२ सत्रांत पूर्ण होतात, म्हणजे तीन-चार महिन्यांत लक्षणे बरीच उतरलेली असू शकतात. आयुष्याची घडी तेवढ्या वेगाने बसत नाही. भीती गेल्यावर माणूस बाहेर पडू लागतो, बाहेर पडू लागल्यावर ओळखी होतात, ओळखींतून काम मिळते, आणि या प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. शेवटच्या सत्राच्या दिवशीच मोजून ‘जीवनगुणवत्तेत विशेष फरक नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे पेरणीच्या आठवड्यात पीक मोजण्यासारखे आहे. तीन, सहा आणि शक्य असल्यास बारा महिन्यांनी पुन्हा मोजावे. निदान सहा महिन्यांचे मोजमाप तरी चुकवू नये.

तारखा ठरवताना आघाताचा वार्षिक दिवस, न्यायालयातील सुनावणी, औषधातील बदल अशा घटनांची नोंद उत्तरपत्रिकेवर करावी. अशा घटनेच्या आसपास आलेली घसरण नंतर वाचणाऱ्याला त्याशिवाय समजणार नाही.

सहावी पायरी: प्रश्नावली माणुसकीने भरून घ्या

शक्यतो ज्या उपचारकाने उपचार केले त्याने स्वतः प्रश्नावली भरून घेऊ नये. आपल्यासाठी इतके कष्ट घेतलेल्या व्यक्तीला नाराज करू नये या भावनेने माणसे उत्तरे गोड करून देतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. केंद्रातील दुसऱ्या सहकाऱ्याने शांत खोलीत, दरवाजा दिसेल अशा जागी बसवून, पुरेसा वेळ देऊन हे काम करावे. वाचता येत नसेल तर प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवावा. समजावण्याच्या भरात उत्तर सुचवले जाणार नाही याची काळजी घ्यावी. नातेवाईक सोबत असतील तर त्यांना बाहेर बसण्याची विनंती करावी. घरातूनच हिंसा झालेली असण्याची शक्यता असेल, तर प्रश्नावली घरी पाठवणे किंवा फोनवर विचारणे धोक्याचे आहे. फोनवर बोलणारी व्यक्ती त्या क्षणी एकटी आहे की नाही, हे आपल्याला दिसत नसते.

सामाजिक नात्यांच्या क्षेत्रातल्या तीन प्रश्नांपैकी एक लैंगिक जीवनाबद्दलच्या समाधानाचा आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीसमोर तो कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय येऊ नये. ‘पुढे एक प्रश्न खासगी आयुष्याबद्दल आहे, तो सोडून दिला तरी चालेल’ एवढे वाक्य आधी बोलल्याने फार फरक पडतो. तीनपैकी एक उत्तर रिकामे राहिले तरी त्या क्षेत्राचे गुण काढता येतात, त्यामुळे आग्रह धरण्याचे कारणच नाही. कोणी हा प्रश्न सोडला आणि पुढच्या फेरीत स्वतःहून त्याचे उत्तर दिले, तर गुण कितीही असोत, ती घटना नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

उत्तरपत्रिका त्याच दिवशी वाचल्या जातील अशी व्यवस्था करा. नकारात्मक भावना ‘सदैव’ येतात आणि आयुष्य ‘अजिबात’ अर्थपूर्ण वाटत नाही, अशी उत्तरे फाइलमध्ये आठवडाभर पडून राहता कामा नयेत. अशा वेळी कोणी, किती वेळात आणि कसे बोलायचे, आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट कोणी विचारायचे, हे पहिली प्रश्नावली छापण्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे. भरपाई किंवा निवृत्तिवेतनाचा निर्णय या गुणांवर अवलंबून नाही, हेही सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे, आणि ते खरे असेल याची खात्री करावी.

सातवी पायरी: गुण काढा

डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफमध्ये तीन प्रश्न उलटे आहेत: तिसरा वेदनेचा, चौथा उपचारांच्या गरजेचा आणि सव्विसावा नकारात्मक भावनांचा. त्यांचे उत्तर ६ मधून वजा करून घ्यायचे. मग प्रत्येक क्षेत्राची सरासरी काढून तिला ४ ने गुणायचे, म्हणजे ४ ते २० यांमधला आकडा मिळतो. त्यातून ४ वजा करून १०० ने गुणावे आणि १६ ने भागावे. हे झाले ० ते १०० या पट्टीवरचे गुण.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून पाहू. मानसिक क्षेत्राच्या पहिल्या पाच प्रश्नांना कोणी २, ३, २, ३, ३ अशी उत्तरे दिली आणि सव्विसाव्या प्रश्नाला ४. हा शेवटचा प्रश्न उलटा असल्याने त्याचे २ होतात. बेरीज १५, सरासरी २.५, चारपट १०, आणि शंभराच्या पट्टीवर ३७.५. उलटवायचे विसरलो तर बेरीज १७ होते आणि गुण ४५.८ येतात. एका विसरलेल्या वजाबाकीने आठ गुणांची खोटी सुधारणा पदरात पडते. उपचारांपूर्वी उलटवले आणि नंतर विसरले, असे झाले तर निष्कर्षच फिरतो. गणकपत्रकात सूत्र एकदाच लिहून, निदान पाच उत्तरपत्रिकांचे गुण हाताने काढून पडताळावेत.

एकूण प्रश्नांपैकी २० टक्क्यांहून जास्त उत्तरे रिकामी असतील तर ती उत्तरपत्रिका धरू नये. एका क्षेत्रात दोनपर्यंत उत्तरे नसतील तर उरलेल्यांची सरासरी वापरता येते. सामाजिक नात्यांच्या क्षेत्रात ही सवलत एकाच प्रश्नापुरती आहे. चारही क्षेत्रांची बेरीज करून एकच एकूण आकडा काढू नये. प्रश्नावलीची रचनाच चार वेगळी चित्रे दाखवण्यासाठी आहे, आणि या विकारात ती बहुधा वेगवेगळ्या गतीने बदलतात.

आठवी पायरी: बदलाचा अर्थ लावा

वरच्याच व्यक्तीचे मानसिक क्षेत्राचे गुण उपचारांनंतर ३७.५ वरून ५० झाले असे धरा. १२.५ गुणांची ही वाढ खरी मानायची का? नील जेकबसन आणि पॉला ट्रुऑक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली विश्वसनीय बदलाची पद्धत इथे उपयोगी पडते. समजा, तुमच्या गटाचे उपचारांपूर्वीचे प्रमाण विचलन १६ आणि प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.८४ आहे. १ मधून ०.८४ वजा केल्यावर ०.१६ उरतात, त्याचे वर्गमूळ ०.४, आणि १६ गुणिले ०.४ म्हणजे मापनाची प्रमाण त्रुटी ६.४. दोन मोजमापांतील फरकासाठी तिला २ च्या वर्गमुळाने गुणले की सुमारे ९.०५ मिळतात, आणि त्याची १.९६ पट म्हणजे १७.७. यापेक्षा कमी फरक एका व्यक्तीच्या बाबतीत निव्वळ मापनातील चढउतारामुळेही पडू शकतो, म्हणून १२.५ च्या वाढीवर खात्रीचा शिक्का मारता येत नाही.

संपूर्ण गटाची सरासरी तेवढीच वाढली असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. अर्धे प्रमाण विचलन, इथे ८ गुण, एवढा बदल लोकांना जाणवण्याइतका असतो असा एक ढोबळ संकेत आहे आणि १२.५ त्याच्या वर जातात. व्यक्तीसाठी एक कसोटी आणि गटासाठी दुसरी, हे नवख्यांना खटकते, पण दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. सामाजिक क्षेत्राबाबत जास्त सावध राहावे. त्यात तीनच प्रश्न असल्याने त्याची अंतर्गत सुसंगती (प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात, त्याचे ० ते १ मधले माप) कमी असते. २३ देशांतील माहितीवर आधारित २००४ च्या अभ्यासात ती ०.६८ होती, तर इतर तीन क्षेत्रांची ०.८० किंवा त्याहून थोडी जास्त.

तुलनागट नसेल तर आणखी एक पेच येतो. माणसे उपचारांसाठी बहुधा सर्वांत वाईट दिवसांत येतात, आणि सर्वांत वाईट दिवसांनंतर काही प्रमाणात बरे दिवस तसेही येतात. प्रतीक्षायादीतील लोकांची दोन मोजमापे घेतली तरी या नैसर्गिक चढाचा अंदाज येतो.

याहून सूक्ष्म अडचण अशी की मोजणारी पट्टीच आतून बदलते. मिर्याम स्प्रांगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी १९९९ मध्ये याची तीन रूपे मांडली: माणसाचे मोजण्याचे आतले परिमाण बदलते, त्याच्या लेखी कशाला किती महत्त्व ते बदलते, किंवा चांगले आयुष्य म्हणजे काय ही कल्पनाच बदलते. भावना बधिर झालेल्या अवस्थेत एखाद्याने नात्यांबद्दल ‘समाधानी’ असे लिहिलेले असते, कारण त्याला नात्यांकडून काही अपेक्षाच उरलेली नसते. उपचारांनी भावना जाग्या झाल्या की त्याला एकटेपणा टोचू लागतो आणि तो ‘असमाधानी’ लिहितो. गुण उतरले, माणूस मात्र पुढे सरकला. असा उलटा बदल दिसला की त्या व्यक्तीशी बोलावे, आणि ‘उपचारांपूर्वीच्या त्या दिवसांकडे आज मागे वळून पाहताना तुम्ही कोणते उत्तर द्याल’ असे विचारून तेही नोंदवावे. स्मृतीतही दोष असतात, म्हणून या उत्तराने मूळ आकडा बदलायचा नाही, फक्त त्याच्या शेजारी ठेवायचा.

उपचार मध्येच सोडून गेलेल्यांना विसरू नये. ज्यांची अवस्था सर्वांत बिकट आहे तेच अनेकदा गळतात, आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप देखणी दिसते. पहिले मोजमाप दिलेल्या प्रत्येकाचा विश्लेषणात समावेश करावा, गळालेल्यांचे सुरुवातीचे गुण इतरांच्या तुलनेत कसे होते ते द्यावे, आणि शक्य असेल तर उपचार सोडलेल्यांकडूनही शेवटचे मोजमाप मिळवण्याचा प्रयत्न करावा. उपचार सोडणे म्हणजे उत्तर देण्यास नकार नव्हे.

नववी पायरी: आकडे त्या व्यक्तीसमोर ठेवा

ज्याने उत्तरे दिली त्याला त्यांचे काय झाले हे कळले पाहिजे. चार क्षेत्रांचे आधीचे आणि नंतरचे गुण एका साध्या तक्त्यात दाखवावेत आणि आपले स्पष्टीकरण देण्यापूर्वी ‘हे तुमच्या अनुभवाशी जुळते का’ असे विचारावे. मानसिक क्षेत्र वर गेलेले आणि नात्यांचे जिथल्या तिथे असेल, तर पुढच्या काही सत्रांचा विषय तिथेच सापडतो: जोडीदारासोबतचे एखादे सत्र, समदुःखी लोकांचा गट, किंवा टाळलेला एखादा फोन करण्याची तयारी. परिसराचे गुण पैसा, घर किंवा प्रवासाची साधने यांमुळे अडले असतील तर आणखी सत्रे घेऊन ते वाढणार नाहीत. तिथे समाजकार्यकर्त्याची मदत जोडून द्यावी लागते. व्यक्तीचे म्हणणे आणि आकडा जुळत नसतील तर दोन्ही तसेच लिहून ठेवावेत, आणि पुढच्या मोजमापाची तारीख त्याच बैठकीत ठरवावी.